ट्रकच्या चासीवरचे मोहीम-कॅम्पर : तुलना कशाची आणि कोणत्या क्रमाने करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे : दोघांना दोन-तीन वर्षांच्या प्रवासासाठी चारही चाकांना चालन असलेल्या ट्रकवर सुमारे ४.८ मीटर लांबीचा निवासी डबा बसवलेले वाहन घ्यायचे आहे. मार्गात सहारा, पामीर आणि अँडीज आहेत. विचाराधीन यादीत मर्सिडीज-बेंझचे युनिमॉग यू ४०२३ आणि यू ५०२३, एमएएनचा टीजीएम १३.२९०, मर्सिडीजचाच झेट्रोस, चेक बनावटीची एखादी टाट्रा आणि जर्मन लष्कराच्या वापरातून निघालेली जुनी एमएएन कॅट १ आहे. यांपैकी सर्वांत सक्षम वाहन कोणते, असे विचारले आहे.

सक्षमतेचा मुद्दा आधी संपवतो. चालक जिथपर्यंत शहाणपणाने जाईल, तिथपर्यंत या यादीतले प्रत्येक वाहन जाते, आणि त्यापुढे गेलेला दहा-बारा टनांचा ट्रक ओढून काढायला दुसरा तेवढाच ट्रक आसपास असावा लागतो, जो सहसा नसतो. म्हणून चढाची टक्केवारी, पाण्यात उतरण्याची खोली, पुढच्या-मागच्या टोकांचे कोन असे जे आकडे माहितीपत्रकात ठळक छापलेले असतात, त्यांच्याकडे मी तुलनेच्या शेवटी पाहतो. अशा चासींवर डबे बसवण्याचे आणि इतरांनी बसवलेले डबे दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. दुरुस्तीला आलेल्या वाहनांत चालन कमी पडल्यामुळे बिघडलेले वाहन मला क्वचितच दिसले. वजन आणि डबा-चासी यांमधला जोड या दोन गोष्टी चुकल्यामुळे बिघडलेली मात्र पुष्कळ पाहिली. त्यामुळे आधी वजन, मग जोड, मग चाके आणि इंजिन, आणि त्यानंतर गाडीचे नाव, या क्रमाने उत्तर देतो.

वजनाचा हिशेब स्वतः कागदावर मांडून पाहावा. ४.८ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच डब्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ साधारण ५३ चौरस मीटर होते. दोन्ही अंगांना फायबरग्लास आणि मध्ये ६० मिलिमीटर पॉलियुरेथेन फोम असे पॅनेल चौरस मीटरला १२ ते १४ किलो भरते, म्हणजे नुसत्या भिंती, छत आणि तळ मिळून सुमारे ७०० किलो झाले. कडांच्या पट्ट्या, दार, खिडक्या आणि चिकटवण्याचे द्रव्य यांचे २५०, डब्याखालच्या उपफ्रेमचे ४५०, फर्निचरचे ६००, बॅटऱ्या, सौर पॅनेल आणि वायरिंगचे २००, हीटर आणि नळजोडणीचे १५० किलो धरले, तर डबा कोरडा असतानाच २,३५० किलोंवर जातो. पुढे ५०० लिटर पाण्याचे ५०० किलो, ६०० लिटर डिझेलचे सुमारे ५००, जादा चाक आणि ते उतरवण्याच्या यंत्रणेचे २५०, हत्यारे, सुटे भाग, अन्न, कपडे मिळून ६००, दोन माणसांचे १५० आणि मागे हलकी मोटारसायकल टांगली तर आणखी १५०. एकूण ४,५०० किलो. यात मी कुठेही चैन धरलेली नाही. कपडे धुण्याचे यंत्र, दुसरे जादा चाक, विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र), वातानुकूलन यांपैकी काहीही या बेरजेत नाही.

या वर्गातली चार-चाकी चालनाची चासी, केबिन आणि मोठे टायर धरून, रिकामी असताना साधारण ६ ते ७ टन भरते. म्हणजे प्रवासाला निघालेले वाहन साडेदहा ते साडेअकरा टनांचे होणार. एवढ्या एका बेरजेने यादीतले एक नाव गळते, कारण यू ४०२३ ची कमाल अनुमत मर्यादा १०.३ टन आहे. यू ५०२३ ची मर्यादा १४.५ टन आहे आणि टीजीएम १३.२९० च्या नावातच १३ टन आणि २९० अश्वशक्ती हे दोन्ही आकडे आहेत. या दोघांत वजनाला जागा उरते. यू ४०२३ वाईट नाही. चार मीटरच्या आतला, नेमक्या सामानाचा डबा त्यावर उत्तम बसतो, पण ४.८ मीटरचा बसत नाही.

युरोपात या हिशेबाला परवान्याचा एक पदर आहे. युरोपीय संघात सी१ वर्गाचा परवाना ७.५ टनांपर्यंत चालतो आणि त्यापुढे सी वर्ग लागतो, म्हणून ७.४९ टनांवर नोंदवलेले जुने ट्रक-कॅम्पर बाजारात खूप दिसतात. वरची यादी पुन्हा वाचली की कळेल की मोठ्या चासीवरचा पूर्ण भरलेला डबा या मर्यादेत बसवणे जवळपास अशक्य आहे. असे वाहन बहुतेक वेळा कागदावर ७.४९ टनांचे आणि वजनकाट्यावर नऊ टनांचे असते. सी वर्गाचा परवाना काढणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे, आणि संपूर्ण प्रकल्पाच्या खर्चात तो नगण्य आहे.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कोणत्या अ‍ॅक्सलवर पडते याला आहे. ३.८५ मीटर चाकअंतराच्या (म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराच्या) युनिमॉगवर मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन मीटर मागे २५० किलोंचे जादा चाक टांगले, तर मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार २५० ने नव्हे, सुमारे ३८० किलोंनी वाढतो आणि पुढचा अ‍ॅक्सल १३० किलोंनी हलका होतो. मोटारसायकल, मागच्या कप्प्यातली हत्यारे आणि हौसेने मागे बसवलेली पाण्याची टाकी यांचा असाच गुणाकार होतो. माझ्याकडे आलेल्या एका वाहनाचे एकूण वजन मर्यादेच्या आठशे किलो खाली होते, तरी मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर होता आणि चढावर स्टिअरिंग हलके पडते अशी मालकाची तक्रार होती. बांधणाऱ्याने आरामशीर पलंगासाठी सर्व जड वस्तू मागे ढकलल्या होत्या. पाणी आणि बॅटऱ्या काढून दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, तळाजवळ आणल्यावर तक्रार मिटली, पण त्यासाठी निम्मे फर्निचर उखडावे लागले. आराखडा कागदावर असतानाच प्रत्येक जड वस्तूचे पुढच्या अ‍ॅक्सलपासूनचे अंतर लिहून हा हिशेब करता येतो, आणि जो बांधणारा तो करून देत नाही त्याच्याकडे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जोड. ट्रकची फ्रेम म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या छेदाचे दोन लांब पोलादी रेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. ही शिडी मुद्दाम लवचीक ठेवलेली असते. एक चाक खड्ड्यात आणि तिरकस समोरचे चाक दगडावर चढले की फ्रेम पिळते आणि चारही चाके जमिनीला टेकून राहतात. याउलट चिकटवून केलेला सँडविच पॅनेलचा डबा हा जवळपास न पिळणारा खोका असतो. दोघांना बोल्टांनी घट्ट आवळले तर तीनपैकी एक गोष्ट होते : डब्याचे कोपरे उकलतात, उपफ्रेमचे किंवा फ्रेमचे पोलाद तडकते, किंवा फ्रेम पिळू न शकल्यामुळे चाक हवेत उचलले जाते आणि ज्या चालनासाठी पैसे मोजले ते वाया जाते. रस्त्यावर यांतले काहीच लगेच दिसत नाही. हजारो किलोमीटरची खडखडीत वाट संपल्यावर दाराच्या चौकटीशी केसाएवढी फट दिसू लागते, आणि तोवर पाणी पॅनेलच्या आत गेलेले असते.

यावर प्रचलित उपाय तीन आहेत. पहिला तीन बिंदूंचा : मागे दोन पक्के आधार आणि पुढे मध्यभागी एक फिरता आधार, किंवा याच्या उलट. दुसरा चार बिंदूंचा, चौकटीच्या पत्त्यासारखा : पुढे आणि मागे मध्यभागी एकेक फिरता आधार आणि मधल्या भागात दोन्ही बाजूंना एकेक. तिसऱ्यात उपफ्रेम ट्रकच्या रेलवर पूर्ण लांबीभर टेकलेली असते, मागच्या भागात पक्की बांधलेली असते आणि पुढच्या भागात तिला जाड स्प्रिंगांनी दाबून धरलेले असते. फ्रेम पिळली की पुढची एक बाजू काही सेंटिमीटर सुटते आणि परत बसते. लोकांना फिरता आधार पाहून तो उपाय अधिक उच्च वाटतो, पण प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. तीन बिंदूंत सगळे वजन फ्रेमच्या तीनच ठिकाणी एकवटते, त्यामुळे रेल तिथे वाकण्याची शक्यता असते. स्प्रिंगांच्या पद्धतीत वजन रेलभर पसरते, म्हणून कडक फ्रेमच्या जड ट्रकवर मी तीच निवडतो. युनिमॉगची फ्रेम मात्र मुळातच खूप पिळण्यासाठी आखलेली आहे, तिथे स्प्रिंगांची उचल अपुरी पडते आणि फिरते आधारच लागतात. कोणता बिंदू कुठे घ्यायचा हे ट्रक बनवणाऱ्याच्या बांधणी-मार्गदर्शिकेत दिलेले असते. रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीत छिद्र पाडणे किंवा तिथे वेल्डिंग करणे यांनी फ्रेम कमजोर होते. असे छिद्र दिसले की मी वापरलेले वाहन पुढे तपासायचे थांबवतो.

केबिनमधून डब्यात जाण्याची वाट हवी असेल तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. केबिन स्वतःच्या आधारांवर हलते, डबा त्याच्या आधारांवर, आणि शिवाय इंजिनाकडे पोहोचण्यासाठी केबिन पुढे झुकवावी लागते. त्यामुळे मधला भाता लवचीक, पटकन सुटणारा आणि तरीही पाणी व धूळ न येऊ देणारा हवा. फ्रेम जितकी जास्त पिळणारी तितका हा भाता अवघड. टीजीएमवर तो नीट होतो. युनिमॉगवर होतो, पण आकार लहान ठेवावा लागतो.

कॅट १ आणि टाट्रा इथे वेगळ्या पंक्तीत बसतात. कॅट १ जर्मन लष्करात १९७६ पासून आली. तिची फ्रेम बंद पेटीच्या छेदाची, पिळायला नकार देणारी आहे आणि चाकांची हालचाल लांब कॉइल स्प्रिंगांवर सोपवलेली आहे. टाट्रामध्ये गाडीच्या मध्यातून जाणारी एक जाड नळी हाच कणा असतो, चालनाचा दांडा तिच्या आतून जातो आणि दोन्ही बाजूंचे अर्धे अ‍ॅक्सल तिच्याभोवती स्वतंत्रपणे वरखाली झुलतात. हान्स लेडविंका यांनी १९२३ च्या टाट्रा ११ या मोटारीत आणलेली ही कल्पना आजच्या ट्रकमध्येही तशीच आहे, आणि कारेल लोप्राइस यांनी १९८८ ते २००१ या काळात डाकार या लांब पल्ल्याच्या शर्यतीतला ट्रक गट सहा वेळा टाट्रावरच जिंकला. डबा बांधणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्ही गाड्यांचा गुण हा की खालचा पाया पिळत नसल्यामुळे जोड साधा ठेवता येतो. खराब वाटेवर टाट्राचा वेग पाहिला की इतर ट्रक जड वाटतात. पण झुलत्या अर्ध-अ‍ॅक्सलमुळे चासीची उंची बदलली की चाकांचा कलही बदलतो, आणि भार व स्प्रिंग यांचा मेळ बसला नाही तर टायर एका कडेने झिजतात. वजनाचा हिशेब इथेही सुटत नाही.

अ‍ॅक्सलबद्दल थोडे. युनिमॉगचा अ‍ॅक्सल पोर्टल प्रकारचा आहे, म्हणजे अ‍ॅक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर असते आणि चाकाजवळच्या गिअरच्या जोडीने चालन खाली आणले जाते. त्यामुळे डिफरन्शियलखालची (डाव्या-उजव्या चाकांत चालन वाटणाऱ्या गिअरपेटीखालची) मोकळी उंची ४० सेंटिमीटरच्या वर मिळते, जी साध्या अ‍ॅक्सलला तेवढ्याच टायरवर मिळत नाही. खोल चाकोऱ्यांच्या चिखलात आणि दगडी वाटांवर हा फरक खरा आहे. त्याची दुसरी बाजू अशी की सगळे वाहन तेवढेच उंच होते. उंच चासीवर उंच डबा ठेवला की बाजूच्या उतारावर जीव मुठीत धरावा लागतो, आणि चाकांजवळच्या चार गिअरपेट्यांचे तेल आणि सील सांभाळावे लागतात. मागणी केल्यास मिळणारी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फिरणारी पुढची चाके, जी फक्त कमी वेगात मदत करतात, त्यांना चार-चाकी चालन समजू नये. बांधकामाच्या जागेवर ती उपयोगी आहेत. वाळवंटात लागतो तो पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना चालन वाटणारा खरा हस्तांतरण-गिअरबॉक्स, त्यात कमी गतीचा टप्पा, आणि मधले, मागचे व पुढचे डिफरन्शियल लॉक, जे दोन्हीकडची चाके एकाच गतीने फिरायला लावतात. पुढचा लॉक सर्वांत शेवटी लावायचा आणि सर्वांत आधी काढायचा, कारण तो लागलेला असताना स्टिअरिंग जवळपास ऐकत नाही.

मागे दुहेरी चाके असलेली चासी स्वस्त मिळाली तरी तिची चाके एकेरी करून घ्यावीत. दुहेरी चाके पुढच्या चाकांच्या चाकोरीतून जात नाहीत, वाळूत स्वतःची नवी चाकोरी कापतात आणि त्यासाठी इंजिनाची शक्ती खर्च होते. शिवाय दोन टायरांच्या फटीत दगड अडकतो. एकेरी मोठ्या चाकांत १४.०० आर २०, ३९५/८५ आर २० आणि ३६५/८५ आर २० हे मापांचे नेहमीचे पर्याय आहेत. रिमवर चढवलेला १४.०० आर २० टायर बहुतेकांना एकट्याने उचलता येत नाही, म्हणून तो छतावर नव्हे, तर विंचने खाली येईल असा हवा. २० इंची टायरची भिंत उंच असते आणि हवा कमी केल्यावर तो लांब पट्टीसारखा पसरतो. वाळूत वाहन पुढे नेणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच असते, लॉक नव्हे. रस्त्यावर ६ ते ७ बार असलेला दाब पन्हळी पत्र्यासारख्या खडबडीत वाटेवर चारच्या आसपास आणि मऊ वाळूत दोनच्या आसपास आणावा लागतो. नेमका आकडा मात्र टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यातून, स्वतःच्या अ‍ॅक्सलच्या मोजलेल्या वजनानुसार घ्यावा. हवा परत भरण्याची सोय ट्रकमध्ये आयतीच असते, कारण ब्रेकसाठी कंप्रेसर असतोच. २२.५ इंची सामान्य ट्रक-टायर जगात कुठेही मिळतो हा त्याचा मोठा गुण आहे, आणि ज्यांचा प्रवास मुख्यतः पक्क्या व मुरमाच्या रस्त्यांवर होणार आहे त्यांनी तो निःसंकोच घ्यावा. तुमच्या मार्गात सहारा आहे, म्हणून २० इंची. रिम अनेक तुकड्यांचे आणि कडी असलेले असतील तर ते हाताळण्याचे शिक्षण घेतल्याशिवाय त्यांना हात लावू नये. हवा भरताना उडालेली कडी माणूस मारू शकते.

इंजिनाबाबतीत लोक अश्वशक्ती विचारतात, मी इंधनातला गंधक विचारतो. युरोपात नव्याने नोंदणी होणाऱ्या सर्व जड वाहनांना २०१४ पासून धुरातल्या प्रदूषकांवर मर्यादा घालणारे युरो ६ मानक लागू आहे, आणि ही इंजिने दशलक्षात १० भागांपर्यंत गंधक असलेल्या डिझेलवर चालण्यासाठी बनवलेली आहेत. जगाच्या बऱ्याच भागांत पंपावरच्या डिझेलमध्ये त्याच्या कितीतरी पट गंधक असतो. असे इंधन दीर्घकाळ वापरले की उत्प्रेरक आणि काजळी-गाळणी निकामी होत जातात, गाळणी स्वतःला जाळून साफ करण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करते, आणि शेवटी नियंत्रक शक्ती कमी करून टाकतो. एखाददुसरी टाकी सोसते, महिनोन्‌महिने सोसत नाही. ही यंत्रणा सॉफ्टवेअरने बंद करून देणारे लोक भेटतात. ते युरोपात बेकायदेशीर आहे आणि वाहन परत आणताना अडचणीचे ठरते. यू ४०२३ आणि यू ५०२३ मध्ये युरो ६ चे ५.१ लिटरचे चार-सिलिंडर इंजिन आहे, २३१ अश्वशक्ती आणि ९०० न्यूटन मीटरचे. इंजिन चांगले आहे, अडचण इंधनाची आहे. टीजीएमचे ६.९ लिटरचे सहा-सिलिंडर इंजिन वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या मानकांत आले, त्यामुळे वापरलेला टीजीएम घेताना वर्ष आणि मानक ही दोन्ही कागदपत्रांवर पाहावीत. झेट्रोस २००८ मध्ये आला तेव्हापासून तो निर्यातीसाठी साध्या उत्सर्जन-यंत्रणेतही दिला जात आला आहे, आणि दूरच्या प्रवाशांना तो आवडण्याचे हे मोठे कारण आहे. दुसरे कारण त्याचे नाक : इंजिन समोर बॉनेटखाली असल्याने रोजची तपासणी केबिन न झुकवता होते आणि चालक पुढच्या चाकांच्या वर नसून मागे बसतो, त्यामुळे हादरे कमी लागतात. बॉनेटने घेतलेली लांबी मात्र डब्याला मिळत नाही.

नव्या इंजिनांत धूर साफ करण्यासाठी वेगळ्या टाकीतून वापरला जाणारा युरियाचा द्राव, अ‍ॅडब्लू, उणे ११ अंशांना गोठतो. ट्रकची यंत्रणा त्याला तापवते, त्यामुळे पामीरच्या थंडीत ही मोठी अडचण होत नाही. उंचीचा परिणाम इंजिनापेक्षा डब्यातल्या डिझेल हीटरवर आधी दिसतो. बोलिव्हियातले उयुनीचे मिठाचे मैदान सुमारे ३,६५० मीटरवर आहे आणि पामीर महामार्गावरची अक-बैतल खिंड ४,६५५ मीटरवर. तिथे उंचीसाठी जुळवणी नसलेला हीटर काजळी धरून बंद पडतो, तोही नेमका रात्री. उंचीची जुळवणी असलेले दोन वेगळे हीटर बसवावेत.

ज्यांना विजेचा मेंदू नसलेले इंजिन हवे असते ते जुन्या मर्सिडीजकडे वळतात. ओएम ३५२ हे ५.७ लिटरचे इंजिन युनिमॉग यू १३०० एल आणि गोल नाकाच्या जुन्या ट्रकांमध्ये होते. या कुटुंबाचे ट्रक ब्राझील, अर्जेंटिना आणि इराणमध्येही बनले, म्हणून त्याचे भाग आणि त्याला ओळखणारे हात अजून सापडतात. पण १३० अश्वशक्तीत दहा टन चार हजार मीटरच्या खिंडीवर चढवणे म्हणजे तासाला पंधरा किलोमीटर वेगाने निसर्ग पाहणे. काहींना तेच हवे असते. कॅट १ चे हवेने थंड होणारे २५६ अश्वशक्तीचे डॉइट्झ व्ही-८ इंजिन पाणी गळण्याच्या सर्व आजारांपासून मुक्त आहे, मात्र ते केबिनच्या मागे बसते, म्हणून डब्याची सुरुवातच मागे सरकते, आणि त्याचा आवाज व डिझेलची भूक यांची दोन-तीन वर्षांच्या प्रवासात सवय होत नाही. मी ती ज्यांना दुरुस्तीचीच हौस आहे अशांना सुचवतो.

डब्याच्या आतल्या गोष्टींवर कमी लिहितो, कारण गाडीच्या निवडीवर त्यांचा परिणाम कमी. ६० मिलिमीटरचे पॅनेल पुरते, पण आतल्या आणि बाहेरच्या बाजूंना जोडणारा धातूचा एकही तुकडा नको. थंडीत त्याच जागी पाणी साचते. स्वयंपाक आणि उष्णता दोन्ही डिझेल किंवा विजेवर असावीत, कारण गॅसच्या टाक्यांची तोंडे देशोदेशी बदलतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, म्हणून ती डब्याच्या उबदार भागात हवी; बाहेरच्या पेटीत बसवलेली मी वारंवार पाहतो.

बाहेरच्या मापांचा मात्र विचार करावा. युरोपात उंचीची सर्वसाधारण मर्यादा ४ मीटर आणि रुंदीची २.५५ मीटर आहे, पण झाडांच्या फांद्या आणि गावातल्या वायरींना हे माहीत नसते, ३.६ ते ३.७ मीटरवर थांबलेला डबा रोजच्या वापरात फार सुखाचा ठरतो. समुद्र ओलांडताना हे वाहन बंद कंटेनरमध्ये जाऊ शकत नाही. उंच कंटेनरच्या दाराची मोकळी उंचीही साधारण २.५८ मीटरच असते. मग वाहन स्वतःच्या चाकांवर आत चढते अशा जहाजाने किंवा सपाट चौकटीवर बांधून पाठवावे लागते, आणि भाडे आकारमानावर ठरत असल्याने छतावरचा प्रत्येक वीतभर उंचवटा पैसे मागतो. तीन अ‍ॅक्सलची चासी तुमच्या वजनासाठी लागत नाही. ती वळायला जास्त जागा घेते आणि टायर घासते, म्हणून तिची तुलनाच करत नाही.

तर तुमच्या यादीपुरते माझे मत. यू ४०२३ वजनामुळे आणि कॅट १ राहण्याच्या दृष्टीने बाद. टाट्रा उत्तम, पण तुमच्या मार्गावर तिचे भाग आणि तिची माहिती असलेले कारागीर मिळण्याची शाश्वती सर्वांत कमी, आणि तुम्ही दोघेही स्वतः दुरुस्ती करणारे नाही असे प्रश्नावरून दिसते. राहिले तीन. सहाराची खोल वाळू आणि दगडी वाटा हेच प्रवासाचे मुख्य कारण असेल आणि डबा साडेचार मीटरच्या आत आणायची तयारी असेल, तर यू ५०२३, कारण ३.८५ मीटर चाकअंतरावर ४.८ मीटरचा डबा ठेवला की मागची लटक वाढते आणि वर सांगितलेला गुणाकार सुरू होतो. तुम्ही सांगितलेला डबा तसाच हवा असेल, तर युरो ६ च्या आधीच्या मानकातला, लांब चाकअंतराचा टीजीएम, एकेरी २० इंची चाकांसह. वापरलेला, साध्या उत्सर्जन-यंत्रणेचा झेट्रोस चांगल्या स्थितीत समोर आला तर मी टीजीएमपेक्षा आधी तो पाहीन. त्याची लांबी मात्र आधी मोजून घ्यावी.

वाहन पाहायला जाताना दोन गोष्टी करा. विक्रेत्याला वाहन पाण्याने आणि डिझेलने पूर्ण भरायला सांगा आणि दोन्ही अ‍ॅक्सलची वेगवेगळी वजन-पावती स्वतःसमोर काढून घ्या. मग पुढचे एक चाक आणि तिरकस समोरचे मागचे चाक प्रत्येकी ३० सेंटिमीटर उंच ठोकळ्यांवर चढवून इंजिन बंद करा आणि डब्याचे दार, प्रत्येक खिडकी, प्रत्येक बाहेरचा कप्पा उघडून पुन्हा लावून पाहा. सपाट जमिनीवर सहज लागणारे दार ठोकळ्यांवर असताना अडकले, तर डबा पिळतो आहे, आणि मग त्या चासीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे याची चौकशी करायची गरज उरत नाही.